अमर्याद*

माशेलच्या बाजारात, नारळवाला आणि शिंपी यांच्या मधे
अंग चोरून उभं आहे माझं दुकान.
रिचार्ज, कव्हरं, झेरॉक्स,
आणि गेल्या दिवाळीपासून
इंटरनेटवर चालणारा घरचा फोन:
जगात कुठेही बोला, कितीही बोला,
महिन्याला एकच रक्कम.

पिएदाद मावशी जुव्याहून पूल ओलांडून आली.
झग्याच्या खिशात नोटांची घडी.
मुलगी स्विंडनला, गोदामात रात्रपाळी करते.
'कितीही म्हणजे किती?' तिने विचारलं.
म्हटलं, मावशी, कितीही म्हणजे कितीही.
इतकं सोपं वाक्य
मी आजवर कुणाला विकलं नव्हतं.

पत्रकावर 'अमर्याद' या शब्दाच्या खांद्याशी
एक बारीक तारा होता.
तिला वाटलं, नाताळ जवळ आला,
कंपनीनेही नखेत्र टांगलं.
खरं सांगतो,
मलाही ती शोभाच वाटली होती.

बावीस दिवस फोन चालला.
तेविसाव्या दिवशी ती तो घेऊनच आली,
आजारी कोंबडी आणावी तसा काखेत धरून.

मी कंपनीला लावला.
चाळीस मिनिटं एकच सतार ऐकली.
मग विशीतला वाटावा असा एक आवाज म्हणाला,
'असामान्य वापर आढळलाय, सर.
सामान्य कुटुंब एवढं बोलत नाही.'
सामान्य कुटुंब किती बोलतं?
'ते सांगता येत नाही, सर.'
मर्यादा किती आहे?
'मर्यादा नाहीच, सर. प्लॅन अमर्याद आहे.
तुम्ही ती ओलांडलीत.'

रात्री शटर अर्धं ओढून नियम वाचले.
बोटांनी पडदा ताणत ताणत
कलम चौदापर्यंत पोचलो:
वापर वाजवी असावा.
वाजवी म्हणजे काय, ते कंपनी ठरवेल.

समोरच्या खाणावळीतही पाटी आहे, भात अमर्याद.
पण तिथे तिसऱ्यांदा मागितला
की शाबी वाढप्याचं तोंड बघावं.
मर्यादा तिथे कपाळावर लिहिलेली असते,
कुणीही वाचावी,
हात आखडावा, ताटावरून उठावं.

'सहा सहा तास काय बोलत होतात, मावशी?'
ती माझ्याकडे बघतच राहिली.
'हांव उलयना पुता, आयकतां.'

तिकडे सकाळी पोर कामावरून येऊन आडवी होते
तेव्हा इकडे दुपारची भांडी घासून झालेली.
फोन ओट्यावर, डाळीच्या डब्याला टेकून.
त्यातून झोपेचा श्वास येतो,
मधेच खोकला, की हिचा हात थांबतो.
चार वाजता पोदेराचा भोंपू वाजतो
आणि स्विंडनमध्ये कूस बदलल्याचा आवाज होतो.
मग आमोरीची घंटा.
मग 'मांय, उठलें गो,' आणि फोन बंद.
एवढंच.
बावीस दिवसांत धड दोन तासांचंही बोलणं नसेल.
बाकी सगळी झोप होती,
मिनिटा-मिनिटाने मोजलेली.

अर्जात हे कसं लिहायचं, सुचलं नाही.
'वापराचा हेतू' या रकान्यात
चार पर्याय होते:
घरगुती, व्यावसायिक, टेलिमार्केटिंग, इतर.
मी 'घरगुती'वर खूण केली.
उत्तर आलं, पटत नाही.

आता प्रत्येक पत्रकावर ताऱ्याखाली
बॉलपेनने लिहून ठेवतो:
मर्यादा आहे. किती ते त्यांनाच ठाऊक.
एरियाचा मॅनेजर येऊन ओरडून गेला.
या महिन्यात एकच प्लॅन खपला,
तोही एकाला, ज्याला मराठी वाचता येत नव्हतं.
त्याला मी वाचून दाखवलं नाही.
हेही इथेच लिहितो, मोठ्या अक्षरात.

मावशीचे पैसे मी गल्ल्यातून दिले.
तिने मोजले नाहीत.
काउंटरवर भेंडीची जुडी ठेवून गेली,
फिकट हिरवी, हातभर लांब.
'जुव्याची,' म्हणाली, 'सात धारांची.'

ती पूल ओलांडेपर्यंत थांबलो.
मग एक भेंडी उचलली,
दिव्याखाली धरून नखाने मोजत गेलो.

सातच होत्या.